एक खेळ सांघिक, एक वैयक्तिक : शाळेत अनेक खेळ खेळणाऱ्यांसाठी

जूनमध्ये शाळा सुरू झाली की दोन-चार पालक हमखास मैदानाच्या कडेला येऊन थांबतात. मूल चपळ आहे, पळतं चांगलं, कबड्डीच्या संघातही नाव निघालंय, आणि घरात एकच विषय चालू आहे. "मॅडम, नेमका कुठला खेळ धरायचा?" मी क्रीडाशिक्षिका आहे. त्याआधी तासगाव तालुक्यातल्या एका गावच्या शाळेतून खो-खो, चारशे मीटर आणि मन लागलं तर भालाफेक असं सगळं खेळत मोठी झाले. त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं असतं. दहावीपर्यंत एक धरू नका, दोन धरा. एक सांघिक घ्या आणि एक वैयक्तिक.

हे मी उगाच म्हणत नाही. शालेय स्पर्धांची रचनाच तशी आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय, अशा या पायऱ्या. गट तीन : १४, १७ आणि १९ वर्षांखालील. क्रीडा खात्याचे राज्यात आठ विभाग आहेत, त्यात आमचा सांगली जिल्हा कोल्हापूर विभागात येतो. खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉल या खेळांत तालुक्याला जिंकलेली शाळा जिल्ह्याला जाते, जिल्ह्याची विजेती विभागाला, विभागाची राज्याला. याचा अर्थ असा की तुम्ही कितीही भारी खेळलात तरी तुमची शाळा हरली की त्या वर्षाचं दुकान बंद. आमच्या शाळेचा मुलींचा संघ तालुक्यात दादा होता. पण जिल्ह्याला गेलं की समोर खो-खोची जुनी परंपरा असलेली एक शाळा यायची. त्यांच्या बाकावर बसलेली मुलगीसुद्धा आमच्या पहिल्या तिघींइतकी पळायची. सांगली, कुपवाड, इस्लामपूर हा पट्टा खो-खोचा, तिथे नुसत्या जोरावर निभाव लागत नाही. आमचा गाशा दरवर्षी जिल्ह्यालाच गुंडाळला जायचा.

चारशे मीटरला मात्र मी आणि घड्याळ, तिसरं कुणी मध्ये नाही. पहिल्या काही जणींत आले की पुढची पायरी. माझ्या शाळेला विभाग कसा दिसतो हे माहीत नव्हतं, तेव्हा मी त्याच वर्षी विभागाला आणि पुढे राज्याला धावून आले. संघाबरोबर सोडाच, शाळेतली दुसरी कुणी मुलगीही बरोबर नव्हती. सरांनी जिल्ह्याच्या पथकात बसवून दिलं आणि "डबा संपव, पाणी पी आणि शेवटच्या शंभरला हात सोडू नको" एवढं सांगून ते परत गेले.

आता कुणी म्हणेल, मग वैयक्तिकच खेळावं की, संघाची भानगड कशाला? भानगड यासाठी की वैयक्तिक खेळ लहान वयात फार एकटा पाडतो. सातवी-आठवीतली मुलगी रोज एकटीच मैदानाला फेऱ्या मारत राहिली तर दिवाळीपर्यंत कंटाळते. संघ असला की मैत्रिणी ओढून आणतात, आज आली नाहीस म्हणून भांडतात. पराभवही वाटून घेता येतो. टिकून राहण्यासाठी संघ आणि पुढे सरकण्यासाठी वैयक्तिक प्रकार, असा साधा हिशेब आहे.

सांघिक खेळात एकट्याला पुढे जायला दुसरा दरवाजाही आहे, आणि नव्या पालकांना तो बहुतेक वेळा ठाऊक नसतो. शालेय स्पर्धा सरकारच्या क्रीडा खात्याकडून होतात. त्याच्या जोडीला प्रत्येक खेळाची संघटना असते, तिच्या जिल्हा आणि राज्य अजिंक्यपद स्पर्धा वेगळ्या. खो-खोत किशोर-किशोरी आणि कुमार-मुली असे गट असतात. तिथे जिल्ह्याचा संघ निवड चाचणीतून होतो, म्हणजे तुमची शाळा हरलेली असली तरी तुमची एकटीची निवड होऊ शकते. पुढे राज्य स्पर्धेतला खेळ पाहून महाराष्ट्राचा संघ निवडला जातो. मी राज्याला खो-खो खेळले ते या दरवाजाने. त्यासाठी गावाजवळच्या एखाद्या नोंदणीकृत मंडळातून खेळावं लागतं. ते मंडळ कुठलं, निवड चाचणी कधी, हे आपणहून जाऊन विचारा. शाळेच्या सूचना फलकावर ही माहिती लागेलच याची खात्री नाही.

बरं, खेळ निवडताना एकमेकांना पूरक कुठले आणि मारक कुठले, हेही बघावं लागतं. यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण "सगळ्यात शेवटी पळायचंच तर आहे" असं म्हणून लोक हा मुद्दा उडवून लावतात.

खो-खोचं पळणं आणि ट्रॅकवरचं पळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खो-खोत संरक्षण करताना अंग खाली असतं, गुडघे वाकलेले, पावलं आखूड, वजन चवड्यावर. दर दोन पावलांनी दिशा बदलायची, हूल द्यायची, खांबाला वळसा घालायचा. पाठीमागची मुलगी किती जवळ आलीय हे बघायला मान सतत वळलेली. ही मान हाच खो-खोपटूंचा ट्रॅकवरचा पहिला शत्रू. शंभर मीटरच्या शर्यतीत ऐंशीला पोचलेली, पुढे असलेली मुलगी सवयीने डावीकडे मागे बघते आणि तेवढ्यात उजवीकडची निघून जाते. दरवर्षी तालुक्याच्या मैदानावर हे दृश्य बघायला मिळतं. ज्या मुलीने मागे बघितलं ती खो-खोची, हे मी नाव न विचारता सांगते.

दुसरी गोष्ट म्हणजे सुरुवात. पाटीवर, म्हणजे रांगेतल्या आपल्या जागेवर, बसलेल्या आक्रमक मुलीला पाठीवर थाप आणि कानात 'खो' पडला की क्षणात उठून सुटायचं असतं. त्यामुळे खो-खोच्या मुलींची सुरुवात जबरदस्त असते, पहिल्या तीस मीटरला त्यांना कुणी हात लावत नाही. पण त्या उभ्याच राहत नाहीत. अंग वाकलेलं ठेवूनच शंभर मीटर काढायला बघतात आणि साठनंतर पावलं आखूड पडायला लागतात. म्हणून माझ्याकडे खो-खोच्या मुली आठवड्यातून दोनदा नुसत्या सरळ धावतात. हात कोपरात काटकोनात, नजर समोरच्या झाडावर, गुडघा वर. कंटाळवाणं काम आहे, पण दोन महिन्यांत चाल बदलते.

चारशे मीटरला मात्र खो-खो फार उपयोगी पडतो. शाळकरी मुलींना चारशेला साधारण एक ते सव्वा मिनिट लागतं. तेवढा वेळ श्वास फुललेला असताना डोकं ठिकाणावर ठेवणं ही खरी परीक्षा, आणि साखळीत, म्हणजे बसलेल्या रांगेतून नागमोडी, पळणाऱ्या संरक्षक मुलीला त्याची सवय झालेली असते. पाय जड झाले तरी पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे ती ठरवत असते. चारशेत नव्या मुली पहिल्या दोनशेत सगळं उधळून टाकतात. माझ्या सरांची पद्धत सोपी होती. पहिलं वळण जोरात, पलीकडची सरळ बाजू सैल पण लांब पावलांनी, दुसऱ्या वळणाला पुन्हा जोर धरायचा, आणि शेवटच्या शंभरला पाय ऐकत नाहीत तेव्हा हात चालवायचे. हात चालले की पाय मागून येतात.

एक बारीकशी गोष्ट गवताच्या मैदानाबद्दल. जिल्ह्याच्या बऱ्याच स्पर्धा फक्कीने आखलेल्या मैदानावर होतात. सप्टेंबरात एक सर आली की आतली रेघ पुसट होते. वळणावर आतल्या रेघेवर किंवा तिच्या आत पाऊल पडत राहिलं तर बाद व्हायची पाळी येते, रेघ पुसली होती ही सबब चालत नाही. शर्यतीआधी आपल्या लेनमधून एकदा चालत फेरी मारावी, खड्डा कुठे, चिखल कुठे, रेघ कुठे गायब आहे हे पायाखालून घालावं.

कबड्डी आणि चारशे-आठशे अशी जोडी मुलांमध्ये जास्त दिसते. तीस सेकंदांची चढाई आणि मध्ये मध्ये थांबणं यामुळे स्फोटक ताकद येते, मांड्या भरतात. लांब धावणाऱ्याला मात्र हे वाढलेलं वजन ओझं होतं. त्यातून शालेय कबड्डीत गटानुसार वजनाची मर्यादा असते, आणि इथे माझं डोकं फिरतं. सामन्याच्या सकाळी वजनकाट्यासमोर रांग लागलेली असते. दोन-चार पोरं अंगात रेनकोट घालून उन्हात पळत असतात, कुणी रात्रीपासून पाणी प्यायलेलं नसतं, कुणी कोपऱ्यात उभं राहून थुंकत असतं. काट्यावर दोनशे ग्रॅम कमी भरलं की पोरगं उड्या मारतं. त्याच दुपारी त्याला आठशे मीटर पळायचं असेल तर? वाढीच्या वयातल्या पोराचं पाणी तोडून वजन उतरवणं हा खेळ नाही. ज्या मुलाचं वजन मर्यादेच्या काठावर आहे त्याने त्या वर्षी कबड्डी सोडून दुसरं काही खेळावं, असं माझं स्पष्ट मत आहे. काही प्रशिक्षकांना ते पटत नाही, मला त्याचं सोयरसुतक नाही.

भालाफेक, गोळाफेक यांची खो-खो-कबड्डीशी फारशी सोयरीक नाही. पण भांडणही नाही. ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवलेला खांदा असेल तर भाला हातात बसतोही पटकन. तालुक्याला फेकीच्या प्रकारांत स्पर्धक कमी असतात, त्यामुळे तिसरा प्रकार म्हणून ते बघायला हरकत नाही. मात्र एका खेळाडूला मैदानी स्पर्धेत किती वैयक्तिक प्रकारांत उतरता येतं याला मर्यादा असते. प्रवेशिका भरण्याआधी त्या वर्षीचं परिपत्रक वाचा.

वेळापत्रकाचं सांगते. पावसाळा सुरू झाला की क्रीडा अधिकारी कार्यालयात नियोजनाची बैठक होते, त्यानंतर जुलै-ऑगस्टपासून तालुके, मग जिल्हा, दिवाळीच्या आगेमागे विभाग आणि राज्य, आणि थंडीत राष्ट्रीय. थोडंफार इकडेतिकडे होतं. दोन खेळ खेळणाऱ्याला यात एक तरी टक्कर होतेच : खो-खोची तालुका स्पर्धा आणि मैदानी स्पर्धा लागोपाठच्या दिवशी, किंवा थेट एकाच दिवशी दोन गावांत. अशा वेळी कुठे जायचं हे जुलैतच ठरवून ठेवा आणि दोन्हीकडच्या शिक्षकांना सांगा. ऐनवेळी सांगितलं तर संघातल्या बाकीच्या अकरा जणी तोंड फिरवतात, आणि ते रास्तच आहे. माझा नियम असा आहे की जिथे बदली खेळाडू आहे तिथला दिवस सोडायचा. संघात माझ्याजागी कुणी उतरू शकतं. माझी चारशेची लेन रिकामी राहील.

आमच्या घरी टक्कर वेगळीच असायची. जिल्ह्याच्या स्पर्धा यायच्या त्या नेमक्या द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या वेळी. छाटणी, पेस्ट लावणं, पुढे डोळे फुटायला लागले की फवारणी. घरातलं माणूस न् माणूस बागेत. सोबत यायला कुणी नसायचं आणि पाचचा गजर माझ्यासाठी नाही, मजुरांच्या चहासाठी लावलेला असायचा. तरी आई रात्रीच शेंगदाण्याची चटणी आणि दोन भाकऱ्या बांधून ठेवायची. शेतकरी घरातल्या मुलांच्या शिक्षकांना एक विनंती आहे. मूल सरावाला आलं नाही म्हणजे आळशी आहे असं समजू नका, आधी बागेचं वेळापत्रक विचारा.

आता शरीराबद्दल. दोन खेळ म्हणजे दुप्पट सराव, असं धरून चालणाऱ्यांची मुलं जानेवारीत लंगडताना दिसतात. सराव तेवढाच राहतो, फक्त वाटला जातो. सकाळी धावणं झालं असेल त्या दिवशी संध्याकाळी खो-खोचा डाव पूर्ण खेळायचा नाही, नुसतं खांबावरचं आणि सूर मारण्याचं काम. स्पर्धेच्या आदल्या दिवशी दोन्ही बंद. आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा, त्या दिवशी गल्लीतलं क्रिकेटसुद्धा नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली याबद्दल मार्गदर्शन केलं होतं. एकाच खेळाला वाहून घेणं शक्यतो १५-१६ वर्षांपर्यंत लांबवावं आणि आठवड्यातून एक-दोन दिवस खेळापासून सुट्टी असावी, असं ते सांगतं. आपल्याकडच्या मैदानांवरही मला तेच दिसतं. पाचवीपासून एकाच खेळाला जुंपलेली मुलं दहावीनंतर मैदानावर फिरकत नाहीत.

तेरा-चौदाव्या वर्षी उंची झपाट्याने वाढते तेव्हा गुडघ्याच्या वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखायला लागतं. हात लावला तर उंचवटा लागतो, जिना उतरताना कळ येते. उड्या आणि धावणं जास्त असलेल्या मुलांमध्ये हे खूप दिसतं. हाड वेगाने वाढतंय आणि मांडीचा स्नायू त्याला ओढतोय, असा तो प्रकार. बहुतेकांचं वाढ पूर्ण झाली की थांबतं, पण तोवर डॉक्टरांना दाखवून भार कमी करावा लागतो. गुडघ्याला पट्टा गुंडाळून, वर मलम चोळून पोराला डावात उतरवणारे महाभाग मी पाहिले आहेत.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही हे त्या मुलीने ठरवायचं, आईने किंवा सरांनी नाही. मात्र किटमध्ये पॅड, जास्तीची काळी शॉर्ट आणि एक टॉवेल कायम असावा, कारण तालुक्याच्या मैदानांवरच्या स्वच्छतागृहांबद्दल न बोललेलं बरं. आणि हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तपासा. धाप लागते म्हणून "स्टॅमिना कमी आहे" असा शिक्का बसलेल्या कितीतरी मुली मुळात रक्त कमी असल्यामुळे दमत असतात. गूळ-शेंगदाणे, मटकी, पालेभाजी, चालत असेल तर अंडी. डब्याबंद पावडरींच्या नादाला शाळेत असताना लागू नका.

बुटांचा खर्च विचारतात. मातीवरचा खो-खो अनेक जण अनवाणीच खेळतात, मॅटवर बूट लागतात. ट्रॅकसाठी स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, पहिल्या वर्षी घेऊच नका. जिल्ह्याला गेल्यावर घ्या, आणि घेतले की स्पर्धेत पहिल्यांदा घालू नका. एवढं पुरे.

अभ्यासाचं लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही, फक्त सहामाही परीक्षा आणि विभागीय स्पर्धा एकत्र आल्या की तारांबळ उडते. वर्गशिक्षकांना आधी भेटा, बुडालेली चाचणी नंतर देता येते. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे क्रीडा गुण मिळतात, जास्तीत जास्त २५. कुठल्या स्तरावर खेळलात आणि नुसता सहभाग होता की प्राविण्य, म्हणजे पहिल्या तिघांत आलात, यावर ते ठरतात. प्रस्ताव शाळेकडून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्गे परीक्षा मंडळाकडे जातो. मुदत उलटली तर गुण गेले. म्हणून परीक्षेच्या धांदलीत नव्हे, त्याआधीच मुख्याध्यापकांकडे विचारणा करा. इथे पुन्हा वैयक्तिक प्रकाराचा फायदा दिसतो. संघ जिल्ह्यालाच बाद होतो, पण लांब उडीत विभागाला तिसरी आलेली मुलगी प्राविण्य घेऊन येते.

वयाची अट कॅलेंडर वर्षाने मोजतात. २०२४-२५ च्या हंगामात १४ वर्षांखालील गटासाठी जन्म १ जानेवारी २०११ किंवा त्यानंतरचा लागत होता. म्हणजे जानेवारीत जन्मलेलं मूल गटात सगळ्यात थोरलं आणि डिसेंबरातलं जवळपास वर्षाने धाकटं. बाराव्या-तेराव्या वर्षी एका वर्षात तीन-चार इंच उंची वाढू शकते. तुमचं डिसेंबरचं मूल १४ खालच्या गटात मागे पडत असेल तर त्याच्यात दम नाही असा निष्कर्ष काढू नका, आणि कृपा करून जन्मतारीख "दुरुस्त" करायच्या भानगडीत पडू नका. ते पुढे नोकरीच्या पडताळणीत बरोबर अंगावर येतं.

एक खेळ निवडायची वेळ मग कधी येते? साधारण दहावीनंतर, आणि निवड बहुतेक वेळा आपोआप होते. क्रिकेटपटू जेमिमा रॉड्रिग्जचं उदाहरण मी मुलींना सांगते. मुंबईची ही मुलगी शाळेत असताना हॉकीही खेळायची, महाराष्ट्राच्या १७ आणि १९ वर्षांखालील हॉकी संघांसाठी तिची निवड झाली होती. दोन्ही चालू ठेवत ती पुढे आली. २०१७ मध्ये १९ वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध नाबाद २०२ धावा केल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत भारताकडून खेळली तेव्हा ती जेमतेम सतरा वर्षांची होती. क्रिकेट पुढे गेलं, हॉकी मागे राहिली. ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिने केलेल्या नाबाद १२७ आमच्या वसतिगृहातल्या मुलींनी एका मोबाइलभोवती डोकी भिडवून पाहिल्या. तिच्या क्षेत्ररक्षणातली झेप हॉकीमुळे आली का, हे मला सांगता येणार नाही. पण हॉकीने तिचं क्रिकेट बुडवलं नाही, एवढं तर दिसतंच.

दुसरा रस्ता क्रीडा प्रबोधिनीचा. राज्य सरकारची ही निवासी योजना. लहान वयातल्या प्रवेशासाठी तिथे विशिष्ट खेळ बघत नाहीत. उंची, वजन, तीस मीटर धावणं, जागेवरून लांब उडी, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, शटल रन, आठशे मीटर, लवचिकता अशा चाचण्या घेतात, आणि खेळ नंतर ठरतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातला कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २००९ मध्ये प्रबोधिनीत गेला. वर्षभर शारीरिक तयारी झाल्यावर एक खेळ निवडायचा होता, त्याने नेमबाजी घेतली. पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य. अनेक खेळ खेळलेल्या मुलांना या चाचण्या सोप्या जातात, कारण यातलं प्रत्येक काम त्यांनी मैदानावर कुठल्या ना कुठल्या खेळात केलेलंच असतं. सैन्याच्या बॉइज स्पोर्ट्स कंपनीतही साधारण याच वयाची मुलं घेतात, बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीची आणि खडकीला बॉम्बे सॅपर्सची आहे.

निवड करताना मी मुलांना दोनच प्रश्न विचारते. कुठल्या खेळाचा सराव कुणी न सांगता करतोस? आणि कुठल्या खेळात गेल्या वर्षीपेक्षा पुढे गेलास? दोन्हींचं उत्तर एकच आलं तर विषय संपला. वेगवेगळी आली तर आणखी एक वर्ष दोन्ही खेळा, काही बिघडत नाही. घरच्यांचा कल अर्थातच पैसा कुठे आहे तिकडे असतो. २०१४ पासून प्रो कबड्डी आल्यावर गावोगावी कबड्डीला बरे दिवस आले. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताने दोन्ही गटांत जिंकला, आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते : प्रियांका इंगळे आणि प्रतीक वायकर. हे सगळं चांगलंच आहे. पण लीगमध्ये जाणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, बाकीच्यांना खेळाच्या जोरावर नोकरी किंवा शिक्षणच बघायचं आहे.

म्हणून शेवटी कागदपत्रांबद्दल, कारण मैदानावर घाम गाळलेली मुलं इथेच मार खातात. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कुठल्या पदाला कुठल्या स्तराचं यश लागतं हे शासन निर्णयात दिलेलं असतं, आणि प्रमाणपत्रांची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालक कार्यालयातून करून घ्यावी लागते. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीस आल्यापासून ही पडताळणी बारकाईने होते. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची होती का, त्या खेळाला आरक्षण लागू आहे का, निकालपत्रकात तुमचं नाव आहे का, सगळं तपासतात. कुणी तरी पैसे घेऊन "राष्ट्रीय" स्पर्धेला नेतो म्हणाला की आधी त्या संघटनेची मान्यता विचारा.

माझ्या एका प्रमाणपत्रावर आडनावाची वेलांटी चुकलेली होती. छापणाऱ्याच्या दृष्टीने किरकोळ गोष्ट, पण ती दुरुस्त करून घ्यायला मला पुढे अनेक हेलपाटे घालावे लागले, कारण तोवर आयोजकही बदललेले होते. प्रमाणपत्र हातात पडताच मैदानावरच वाचा : नाव शाळेच्या रजिस्टरप्रमाणे आहे का, जन्मतारीख, गट, खेळाचा प्रकार, क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का. लॅमिनेशन करू नका, साध्या प्लॅस्टिक पाकिटात ठेवा. त्या स्पर्धेची प्रवेशिका, ओळखपत्र आणि जमलं तर निकालपत्रकाची प्रत त्याच पाकिटात घाला, आणि मोबाइलवर फोटो काढून वडिलांच्या ईमेलवर पाठवून ठेवा.

बारावीनंतर खेळ चालू ठेवायचा असेल तर महाविद्यालय बघताना मैदान बघून घ्या. आंतरमहाविद्यालयीन, मग विद्यापीठाचा संघ, राज्यातल्या विद्यापीठांचा 'अश्वमेध' महोत्सव, अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा अशी तिथली चढण आहे, आणि दोन खेळांत विद्यापीठाच्या संघातून खेळणारी मुलं आजही असतात. शिकवायची आवड असेल तर पदवीनंतर बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाचा शिक्षक-अभ्यासक्रम, करा. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, पुण्याचं चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय ही जुनी ठिकाणं. तिथल्या प्रवेशासाठीच्या शारीरिक चाचणीची तयारी पदवीच्या शेवटच्या वर्षातच सुरू करा. मे महिन्यात आमच्या मैदानावर सकाळी साडेपाचला अशी पाच-सहा मुलं असतातच, ज्यांना यायचं आहे त्यांनी यावं, फी नाही, फक्त पाण्याची बाटली स्वतःची आणायची.